वडिलांची जावा: एका क्रमांकाचा माग

जानेचेक आणि वांडरर या नावांची आद्याक्षरे जुळून १९२९ मध्ये प्रागला 'जावा' जन्मली. (चेक उच्चार 'यावा', आपल्याकडे ती जावाच राहिली.) पुढे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती घडू लागली आणि १९७३ पासून 'येझदी' झाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

आमची जावा वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी विकली आणि पुन्हा तिचे नाव काढले नाही. त्यांच्या पश्चात रोजनिशीत चासी आणि इंजिन असे दोन क्रमांक सापडले. विकलेल्या गाडीचे क्रमांक माणूस कशासाठी जपून ठेवतो?

दोन वर्षे सांगली-कोल्हापूरची गॅरेजे धुंडाळली. अखेर मिरजेजवळच्या एका गोठ्यात ती दिसली. माझ्या आठवणीतली गाडी मरून, ही काळी. रंग खरवडला, तर खाली पुन्हा काळाच! स्मृतीचा पुरावा असा असतो, मित्रहो. चासीचा क्रमांक मात्र तंतोतंत जुळला.

किकची दांडी आत दाबून फिरवली. जावात तीच गिअरची दांडी होते. पाय आपोआप योग्य जागी गेला. इंजिनाचा क्रमांक मात्र वेगळा निघाला. मूळ इंजिन कुपवाडच्या एका भंगारवाल्याकडे गेले, असे मालक म्हणाले. रविवारी तिकडे जातो आहे.