आंबण्याचे दोन मुलूख

बिअर आंबली की ओतून द्यायची, हा जगभरच्या बिअरवाल्यांचा साधा नियम. लुई पाश्चरने 1876 साली बिअरवर पुस्तक काढून ती नासवणाऱ्या जिवाणूंना उजेडात आणलं, तेव्हापासून तर कारखाने धुऊनपुसून लख्ख ठेवण्याची चढाओढच लागली. बेल्जियममधले दोन चिमुकले मुलूख या चढाओढीत उतरलेच नाहीत. एक ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेचं पायोटनलँड, दुसरा त्याहून पश्चिमेला, रूसेलारे गावाभोवतीचा. दोन्हीकडे बिअर ओकच्या लाकडात वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षंही पडून असते आणि दोन्हीकडे ती जाणूनबुजून आंबू दिली जाते. म्हणून दुकानाच्या फळीवर दोन्ही शेजारी-शेजारी बसतात आणि गिऱ्हाईक 'एक आंबट द्या' म्हणून हाताला लागेल ती उचलतं. मला हे पाहवत नाही.

रूसेलारेची रोडेनबाख ब्रुअरी 1821 सालची. त्या घराण्यातला यूजीन रोडेनबाख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला गेला आणि पोर्टर बिअर लाकडात मुरवून जुन्या-नव्याची सांगड घालायची रीत शिकून आला. इंग्रज पुढे ती रीत जवळजवळ विसरले; इथे ती राहिली. आज तिथे 294 फूडर उभे आहेत. फूडर म्हणजे माणसाच्या कितीतरी वर गेलेलं, उभं, ओकचं अवाढव्य पिंप. काहींनी शंभरी ओलांडलीय. त्या रांगांमधून चालताना मान वर करूनच चालावं लागतं.

हा अवाढव्यपणा दिखाव्यासाठी नाही. लाकडातून हवा झिरपते. पिंप जितकं लहान, तितका त्यातल्या लिटरालिटराच्या वाट्याला लाकडाचा पृष्ठभाग जास्त आणि हवाही जास्त. हवा मिळाली की अ‍ॅसेटिक जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करायला घेतात. छोट्या पिंपात हा उद्योग बघता बघता हाताबाहेर जाईल. हजारो लिटरच्या फूडरमध्ये तो दोन वर्षं रेंगाळतो. तेवढ्या काळात आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संगनमतातून फळांच्या वासाची द्रव्यं तयार होतात, आणि एकही चेरी न घातलेल्या बिअरला चेरीचा वास येतो. मग त्यात ताजी, गोडसर बिअर मिसळतात. साध्या रोडेनबाखमध्ये मुरलेली बिअर पाव हिस्सा, ग्रां क्रूमध्ये दोन तृतीयांश. पहिल्याच घोटाला जिभेच्या कडा टोचतात आणि लगेच माल्टचा गोडवा येऊन त्यांची समजूत घालतो. लालसर, नीटनेटकी, बोलघेवडी बिअर आहे ही.

रोडेनबाखवाल्यांकडे यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणूंचं घरचं, जपलेलं विरजण आहे. ब्रुसेल्सकडच्या बिअरचं नाव लाम्बिक, आणि लाम्बिकवाल्यांकडे विरजणच नाही.

ब्रुसेल्सच्या आंदरलेख्त भागातली कांतियों ही लाम्बिकची ब्रुअरी 1900 सालापासूनची. तिच्या माळ्यावर तांब्याचं एक रुंद, उथळ पात्र आहे, कूलशिप. उकळलेला काढा संध्याकाळी त्यात ओततात, झरोके उघडतात आणि माणसं घरी जातात. रात्रभरात हवेतून, छपरातून, भिंतींवरून जे काय येऊन पडेल ते पडेल. सकाळी तो काढा जुन्या पिंपांत भरतात. बरीचशी पिंपं आधी वाइनची होती. तिथे जळमटंही काढत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात. स्वच्छतेच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारखीला हे बघून आधी थोडं कसंसंच झालं, हे सांगायला हरकत नाही.

पिंपात पुढे जे होतं त्यात माणसाचा हात फारसा नसतो. आधी आतड्यांतल्या जिवाणूंचे भाऊबंद येऊन घाण वास करून जातात. मग नेहमीचं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. उन्हाळ्यात पेडिओकॉकस येतो. लॅक्टिक आम्ल तोच करतो, पण कधी कधी बिअरला तार सुटेल इतकी बुळबुळीत करून ठेवतो. घाबरून ओतून द्यावी अशीच वेळ ती. ब्रुअर काही करत नाही, थांबतो. शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट ती तार संपवतं आणि इतरांना न पचलेल्या साखरा सावकाश कुरतडत बसतं. त्याच्यासाठीच तर लाम्बिकमध्ये गव्हाचा मोठा वाटा माल्ट न करताच घालतात. या यीस्टला 1904 साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेनने नाव दिलं, तेही इंग्लिश बिअरमध्ये सापडल्यामुळे. वाइनवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. गवत, चामडं, घोड्याचा तबेला असा त्याचा वास. लाम्बिकमध्ये मात्र तो नसेल तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की एकाच रात्रीच्या काढ्याने भरलेली, शेजारी-शेजारी ठेवलेली दोन पिंपं सारखी निघत नाहीत. एक लिंबासारखं धारदार, दुसरं मवाळ, तिसरं सरळ व्हिनेगरच्या वाटेला लागलेलं. या भांडकुदळ भावंडांना एका बाटलीत नांदवणं म्हणजे ग्यूझ. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक चाखून, जोखून मिसळतात. पिंपातली लाम्बिक जवळजवळ निपचित असते. एक वर्षाच्या लाम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते तेव्हा फेस येतो. पायोटनलँडमध्ये स्वतः काढा न उकळता केवळ दुसऱ्यांची लाम्बिक विकत घेऊन मिश्रण करणारी घरं आहेत आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही. माझ्या मते खरे कारागीर तेच.

रूसेलारेच्या बिअरचा आंबटपणा हा घडवून आणलेला, ग्यूझचा वाट पाहून मिळालेला. पहिला नाकात आधी शिरतो, कारण व्हिनेगरचं आम्ल उडून वासात येतं. दुसरा जिभेवर पसरतो आणि मागे कोरडेपणा ठेवून जातो.

अमेरिकेने दोन्हीकडून शिकवणी घेतली. रोडेनबाखचा पीटर बूकार्ट 1996 मध्ये कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेला आणि तिथे 'ला फोली' तयार झाली. मेनमधल्या अलागाशने 2007 मध्ये चक्क कूलशिप बसवलं. कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हरने पिनो न्वारच्या पिंपात आंबट चेरी घालून जी बिअर काढली, तिच्यात लाकूड आणि आधीची वाइन दोन्ही बोलतात. बेल्जियन माणसाला पिंप जुनं, स्वतःची चव गमावलेलं हवं असतं. इथे मी बेल्जियनांच्या बाजूची. पिंपाने घर द्यावं, मत देऊ नये.

प्यायची झालीच तर आधी रोडेनबाख ग्रां क्रू घ्या, ती नवख्याला सांभाळून घेते. मग ग्यूझ. लेबलवर ग्यूझच्या आधी 'औडे' हा शब्द शोधा: त्यात फक्त लाम्बिकच असते, तिच्यातला काही भाग किमान तीन वर्षांचा असतो, आणि युरोपीय कायदा त्या नावाला संरक्षण देतो. हा शब्द नसलेल्या बऱ्याच बाटल्यांत साखरपाणीच जास्त. आणि फार वर्षं पुढे ढकलू नका. रूसेलारेचं विरजण कुठल्याही ऋतूत चालतं, पण लाम्बिकला ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या थंड रात्रीच लागतात. 2015 च्या नोव्हेंबरात ब्रुसेल्सच्या रात्री इतक्या उबदार होत्या, की कांतियोंला काम थांबवावं लागलं.