किल्ली देण्याआधी

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने वर चढतो आणि हिर्डोशी गाव मागे पडलं की वरंध घाटाची ओढ लागते. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला पाणी नाहीतर दरी. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो, आणि दरडी सुटू लागल्या की प्रशासन जड वाहनांना, कधी सगळ्याच वाहनांना, घाट बंद करतं. याच रस्त्यावर वडापच्या जीपा, दुधाचे टेम्पो, भाताची पोती नेणारे पिकअप, खडीचे डंपर आणि शाळेच्या मुलांच्या गाड्या चालतात. त्यांवरचे ड्रायव्हर कसे नेमले जातात हे मी या खोऱ्यात वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. एकच पिकअप असलेल्या मालकानेसुद्धा ड्रायव्हरची पडताळणी स्वतः केली पाहिजे, आणि ती गाडी चालवण्याशी ज्यांचा संबंध आहे तेवढ्याच गोष्टींची, पण नेटाने केली पाहिजे.

आपल्याकडे नेमणूक होते ती ओळखीवर. अमक्याचा पाहुणा आहे, शिरवळला कंपनीच्या गाडीवर होता, हात चांगला आहे, एवढं तिघांनी सांगितलं की किल्ली हातात पडते. लायसन आहे का, असं विचारलं जातं आणि ‘आहे’ या उत्तरावर विषय संपतो. मग पगार किती, जेवण कोणाचं, मुक्काम पडला तर भत्ता किती, यावर मात्र तासभर बोलणं होतं. खरं भगदाड यापुढे आहे. ठेवलेला ड्रायव्हर आजारी पडतो, जत्रेला जातो, लग्नसराईत दुसरीकडे जास्त भाडं मिळतं म्हणून गायब होतो, आणि त्याच्या जागी चुलतभाऊ किंवा कालपर्यंत किन्नर असलेला पोरगा गाडीवर बसतो. मालकाला हे संध्याकाळी कळतं, कधी कळतही नाही. ज्याला आपण किल्ली दिली तो आणि जो गाडी चालवतोय तो एकच आहे का, इथूनच पडताळणीची सुरुवात व्हायला हवी.

कायद्याने ही जबाबदारी कुणावर टाकली आहे, याबद्दल बराच गैरसमज आहे. पोलिसांनी अडवलं तर ड्रायव्हरने भरावं, अशी मालकांची समजूत असते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५ सरळ मालकाला उद्देशून आहे: वैध परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू देता येणार नाही. कलम १८० मध्ये त्याची शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड एक हजार होता. प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवायला किमान वय २० वर्षं लागतं, आणि त्या वर्गाचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. परवाना योग्य नसताना अपघात झाला आणि त्यात मालकाची कसूर ठरली, तर न्यायालय अनेकदा विमा कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला लावतं आणि तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. एका मृत्यूची भरपाई लाखांत जाते. पिकअपचा हप्ता फेडणाऱ्या शेतकऱ्याकडून ती वसूल व्हायची म्हणजे जमिनीवर पाणी सोडायची वेळ.

परवाना हातात घेऊन नीट पाहणारे मालक थोडेच. त्या कार्डावर वैधतेच्या दोन वेगळ्या तारखा असू शकतात, एक खाजगी वाहनासाठीची आणि एक व्यावसायिक वाहनासाठीची. पहिली २०३५ ची दिसली की मालक निश्चिंत होतो, आणि दुसरी सहा महिन्यांपूर्वी संपलेली असते, कारण व्यावसायिक परवान्याचं नूतनीकरण आता दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासोबत डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. कोणत्या वर्गाचं वाहन चालवता येतं ते कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांत असतं, तेही वाचावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो. पिकअपच्या ड्रायव्हरांना याने मोठा दिलासा मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्याच निर्णयाचा आधार घेऊन कुणी डंपरवर हलक्या परवान्याचा पोरगा बसवत असेल, तर त्याने निर्णय अर्धाच ऐकला आहे. परवान्याचा नंबर आणि जन्मतारीख सारथी पोर्टलवर टाकली की परवाना खरा आहे का, चालू आहे का, हे समोर येतं. रेंज मिळाली नाही तर भोरच्या बाजारात उभं राहून दोन मिनिटांत होतं.

यावर जाणकार मालक एक कायदेशीर मुद्दा काढतात, आणि तो टाकाऊ नाही. सर्वोच्च न्यायालयानेच २००३ साली लेहरू प्रकरणात म्हटलं होतं की मालकाने परवाना पाहिला आणि माणूस नीट चालवतो याची खात्री केली की पुरे, त्याने देशभरच्या आरटीओंत चौकशी करत हिंडावं अशी अपेक्षा नाही. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणातही मालकाने रास्त काळजी घेतली होती का, हाच प्रश्न कळीचा ठरला. मग आम्ही पोर्टल कशाला पाहायचं? माझं उत्तर असं की रास्त काळजी काय, हे काळाप्रमाणे ठरतं. तेव्हा नागालँडचा परवाना खरा की खोटा हे बघायला महिने लागले असते, आज ते घरबसल्या कळतं. आणि हे निर्णय मुळात पैसे कोणी द्यायचे याबद्दलचे आहेत. घाटात गाडी कोसळू नये म्हणून काय करायचं, हे न्यायालयाने सांगायची वाट आपण का पाहावी? शिवाय त्याच निर्णयांतला दुसरा अर्धा भाग, माणूस नीट चालवतो याची खात्री, आपण कुठे पाळतो? घेतलेली चाचणी बहुधा गावातल्या सपाट रस्त्यावरची असते.

हिर्डोशीच्या रस्त्यावरची चाचणी घाटातच व्हायला हवी, भरल्या गाडीने आणि मालक शेजारी बसून. उतारावर माणूस डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो की ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरतो, हे दोन वळणांत कळतं. न्यूट्रलमध्ये उतरणारा सगळं ओझं ब्रेकवर टाकतो, ब्रेक तापतात, लाइनर जळाल्याचा वास येतो आणि ऐन वेळी पायाखालचं पेडल पोकळ होतं. चढणाऱ्या गाडीला वाट देतो का, वळणावर हॉर्न देतो का, धुक्यात पिवळा दिवा लावून वेग कमी करतो का, हेही तिथेच दिसतं. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यांवर व्यावसायिक गाडी चालवायला परवान्यावर वेगळी नोंद लागते. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. गाडी बदलली तर चाचणीही पुन्हा हवी. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने गर्दीतली माणसं चिरडली, तेव्हा नव्या प्रकारच्या बसचं पुरेसं प्रशिक्षण चालकाला मिळालं होतं का, हा प्रश्न लगेच पुढे आला होता.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: कागदाने माणूस कळत नाही. पुण्याजवळच त्याचे दाखले आहेत. १ नोव्हेंबर २००७ ला रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कंपनीने लावलेल्या कॅबच्या चालकाने साथीदारासह अत्याचार करून खून केला, आणि तेव्हापासून आयटी कंपन्यांत चालकांची पोलीस पडताळणी हा परवलीचा शब्द झाला. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरच्या कॅबमध्ये बलात्कार झाला, तेव्हा चालकाकडचं चारित्र्य प्रमाणपत्र बनावट असल्याचं पोलिसांनी सांगितलं. २५ जानेवारी २०१२ ला स्वारगेट आगारातून एसटी पळवून संतोष मानेने नऊ जणांना चिरडलं. तो महामंडळाचा रीतसर भरती झालेला चालक होता, आणि त्याच्या मानसिक स्थितीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत कर्मचाऱ्यांच्या गाडीला आग लागून चार जण गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे चालकाने पगाराच्या आणि वागणुकीच्या रागातून ती लावली होती. या चार घटना एका माळेतल्या नाहीत. दिल्लीच्या घटनेत दाखला ज्या कार्यालयाने दिला म्हणतात तिथे एक विचारणा झाली असती तर तो उघडा पडला असता. उरलेल्यांपैकी दोन ठिकाणी, एसटीत आणि हिंजवडीत, नेमणुकीच्या दिवशीचा कोणताही कागद उपयोगाचा नव्हता. तिथे हवी होती ती रोजची नजर: माणूस झोपतो का, चिडतो का, सुट्टी मागतोय ती मिळते का, पगार वेळेवर होतो का. कागद सगळं सांगत नाही म्हणून तो पाहूच नये, हे यातून निघत नाही. पडताळणी एकदाच करून कपाटात ठेवायची नसते, एवढंच निघतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची कामाची मर्यादा घातली होती. लग्नाच्या हंगामात आपल्याकडचे ड्रायव्हर किती तास स्टिअरिंगवर असतात हे सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर मुंबईचं भाडं करून सकाळी शाळेची मुलं भरणाऱ्या माणसाचं लायसन कितीही खरं असो, त्याने त्या दिवशी गाडीला हात लावता कामा नये.

पोलीस पडताळणीबद्दल मला स्वतःलाच एक काळजी वाटते, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी, रामोशी, कैकाडी अशा समाजांतल्या पोरांवरचा संशय काही गेला नाही. नाव पाहून उचलणं, गुन्हा नोंदवणं आणि काही वर्षांनी निर्दोष सुटणं, हे त्यांच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येतं. अशा पोराला ड्रायव्हरकीसारखा प्रामाणिक धंदाही पडताळणीच्या नावाखाली नाकारला, तर आपण त्याच जुन्या कायद्याची अंमलबजावणी करत राहू. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीच्या संदर्भात सांगितलं की केवळ नोंद आहे म्हणून यांत्रिकपणे नकार देऊ नये, आरोपाचं स्वरूप आणि शेवट काय झाला ते पाहावं. हाच मापदंड मालकाने लावावा. दारू पिऊन गाडी चालवली होती का, बेदरकारपणे कुणाला उडवलं का, बायका-मुलांवर अत्याचाराचा गुन्हा शाबीत झाला का, हे प्रश्न विचारावेत. पाणी भरण्याच्या भांडणातली किंवा मोर्चातली केस नोकरीच्या आड येऊ देऊ नये.

नेमकं काय विचारावं याचा नमुना शाळेच्या गाड्यांच्या बाबतीत तयारच आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून मुलं बुडाली. त्यानंतर एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसच्या चालकाला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि अतिवेग, दारू किंवा धोकादायक चालवणं यासाठी एकदाही कारवाई झालेली नसावी, अशा अटी घातल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बससाठी स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली. यातला एकेक प्रश्न चालवण्याबद्दलचा आहे, जातीबद्दलचा किंवा गावाबद्दलचा नाही. अमेरिकेत जानेवारी २०२० पासून आणखी एक सोय आहे: व्यावसायिक चालक दारू किंवा अंमली पदार्थांच्या चाचणीत नापास झाला की त्याची नोंद केंद्रीय यादीत जाते, आणि नव्या मालकाला नेमणुकीआधी ती पाहावीच लागते. आपल्याकडे शिरवळला प्यायला म्हणून काढलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी भोरला किल्ली मिळवू शकतो. यादी नसली तरी आधीच्या मालकाला फोन करता येतो. तो मालक खुन्नस काढेल ही भीती रास्त आहे, म्हणून एकाऐवजी दोघांना विचारावं आणि ऐकलेलं ड्रायव्हरला सांगून त्याची बाजूही ऐकावी. त्याच्या कागदांच्या झेरॉक्स गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीला कायद्याचं कवच देऊ केलं आहे, आणि तो कायदा नसता तरी ही साधी माणुसकी होती.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: ड्रायव्हर मिळतच नाहीत, एवढं विचारलं तर तो पुण्याला निघून जाईल. ड्रायव्हरांची टंचाई खरी आहे, आणि अपघाताच्या शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ते देशभर संपावर गेले तेव्हा सगळा कायदा आपल्यावरच उलटलाय ही त्यांची भावनाही दिसली. पण चांगला ड्रायव्हर विचारण्याला घाबरत नाही. ज्याने दहा वर्षं बिनअपघात घाट काढलाय त्याला आपलं रेकॉर्ड कुणीतरी पाहावं, त्यावर दोन हजार जास्त द्यावेत, असंच वाटतं. विचारायचं नाही ठरवलं की त्याची आणि काल स्टिअरिंग धरलेल्याची किंमत एकच होते, आणि पुण्याला निघून जातो तो पहिलाच. हिर्डोशी खोऱ्यातल्या मालकांना माझं सांगणं आहे की जूनचा पाऊस लागण्याआधी प्रत्येकाने आपल्या ड्रायव्हरचा, आणि त्याच्या बदली माणसाचाही, परवाना पोर्टलवर पाहावा, डोळे तपासून घ्यावेत आणि घाटात एक फेरी शेजारी बसून करावी. ज्याला एवढं करायला सवड नाही, त्याने शाळेच्या मुलांचं भाडं घेऊ नये.