राजा घाटापुरता

पनवेल मागे पडलं की पळस्पे फाट्यावर कोकणची आणि देशाची वाट वेगळी होते. उजवीकडचा रस्ता कर्नाळ्याच्या सुळक्याखालून खारपाड्याला पाताळगंगा ओलांडतो, पेणला भोगावतीशी आणि नागोठण्याला अंबेशी गाठ घालतो, सुकेळी खिंड चढून कोलाडला उतरतो. तिथून आत वळलं की कुंडलिकेच्या काठी रोहा. दुसरा रस्ता चौक, खालापूर, खोपोली करत थेट सह्याद्रीच्या अंगावर जातो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा रस्ता हा दुसरा. पेण आणि रोहा तिने उजव्या हाताला सोडून दिली.

तरी ती रायगडला परकी नाही. नावात मुंबई आहे, पुणे आहे, वर्तमानपत्रांतले मथळेही या दोनच शहरांचे. पण पनवेलपासून बोरघाटाच्या माथ्याजवळपर्यंत शर्यत धावते ती रायगड जिल्ह्यातून, आणि तिच्यातला सगळ्यात जीवघेणा तुकडा इथेच आहे. सुरुवातीला मुंबईचा झेंडा आणि शेवटी पुण्याचा हार. मधला घाम मात्र खोपोलीचा.

शर्यत जुनी, स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळापासूनची. खंड पडत, पुन्हा सुरू होत ती चालत आली आहे. रस्ता मात्र तिच्या पायाखाली बदलत गेला. वाशीचा खाडीपूल 1973 मध्ये झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे ठाण्यापर्यंत वर जाऊन, मुंब्रा आणि शीळफाटा करत पनवेलला खाली यावं लागे. पुढे 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर सायकलला मज्जाव असल्यामुळे शर्यत जुन्या महामार्गावरच राहिली. एका अर्थी बरंच झालं. जुना रस्ता गावांच्या पोटातून जातो, नवा त्यांना चुकवून. बघायला माणसंच नसतील तर सायकल शर्यतीत उरतं काय?

अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्यातलं निम्मं होता होता खोपोली येते आणि जमीन उभी राहते. पुढचे दहा-बारा किलोमीटर नुसता चढ. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत उंची साधारण पाचशे मीटरने वाढते. पासष्ट किलोचा स्वार आणि आठ किलोची सायकल एवढं वजन तिथवर न्यायला शरीर चारशेच्या आसपास किलोकॅलरी जाळतं, म्हणजे तांदळाच्या तीन भाकऱ्या. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या तीन भाकऱ्या पाऊण तासात जाळायच्या असतात, आणि तेही सत्तरेक किलोमीटर जीव तोडून आल्यावर. त्याच डोंगरावरून टाटांच्या नळांतून पाणी उलट दिशेने खाली येतं. वळवण, शिरवटा, लोणावळा या तलावांचं पाणी खोपोलीच्या वीजघरात कोसळतं आणि 1915 पासून त्याची वीज मुंबईला जाते. पाणी जी उंची गमावून गिरण्या चालवत होतं, तीच उंची सायकलस्वार पायांनी कमावतो. त्याच्या मोबदल्यात त्याला एक पदवी मिळते: घाटांचा राजा.

ही पदवी म्हणजे शर्यतीच्या पोटातली दुसरी शर्यत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जो पहिला, तो राजा. पुण्यात तो कितवा आला याच्याशी तिचा संबंध नाही. आणि गंमत अशी की पुण्यात पहिल्या आलेल्या खेळाडूला नुसतं ‘विजेता’ म्हणतात, राज्याभिषेक मात्र घाटातच होतो.

बोरघाटाला मानकऱ्यांची सवय आहे. पहिला मान शिंग्रोबाचा. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याचा जीवच घेतला गेला, अशी आख्यायिका आहे. त्याचं देऊळ घाटातच आहे आणि कितीतरी ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. रेल्वेचा घाट 1863 मध्ये. त्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम सुरू असतानाच वारला आणि उरलेलं काम त्याची बायको अॅलिस हिने तडीस नेलं. रूळ टाकताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. घाटमाथ्याजवळच्या जुन्या दगडी पुलाला मात्र मलमाच्या जाहिरातीचं नाव चिकटलं. अमृतांजन पूल! मांड्यांत गोळे आलेल्या माणसासमोर बामाचं नाव घ्यायचं, याहून क्रूर विनोद रस्त्याला सुचला नसता. तो पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला, टाळेबंदीने रस्ता रिकामा झाला होता तेव्हा.

लोणावळा आलं की चढ संपतो आणि राजाचे हाल सुरू होतात. समोर अजून साठ-पासष्ट किलोमीटर असतात. कामशेतचा छोटा घाट सोडला तर वडगाव, तळेगाव, देहूरोड, चिंचवड अशी बहुतेक सपाटीच. आणि सपाटीचा कायदा घाटाच्या कायद्याच्या नेमका उलटा आहे. ताशी चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद खर्च होते ती हवा फोडण्यात. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं तर तोच वेग पाव ते एक तृतीयांश ताकद वाचवून मिळतो. म्हणून सपाटीवर वीसजणांचा जत्था आळीपाळीने पुढे येत, वारा वाटून घेत जातो आणि एकट्याला गिळतो. घाटात वेग बारा-पंधरावर येतो, हवेचा अडसर जवळजवळ उरत नाही, मागे लपून काही वाचत नाही. तिथे भांडण फक्त वजनाशी. त्यामुळे काटकुळा, हलका, खमक्या फुफ्फुसांचा माणूस चढावर सगळ्यांना सोडून जातो आणि एकट्याने लोणावळा गाठतो. मग मागून भक्कम मांड्यांचे गडी एकत्र येतात. दोन मिनिटांची आघाडी तळेगावपर्यंत टिकवायची तर त्याला साथीदार हवेत, आणि साथीदारांना तर त्याने खोपोलीतच मागे टाकलेलं असतं.

हे एकट्या बोरघाटाचं दुखणं नाही. फ्रान्सच्या महाशर्यतीत डोंगरांच्या राजाचा किताब 1933 मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी व्हिसेंते त्रुएबा हा स्पेनचा चिमुकला गडी. चढावर त्याला तोड नव्हती, पण उतारावर मागचे त्याला गाठायचे. किताब त्याचा झाला, शर्यतीत तो सहावा आला. एका दिवसाच्या शर्यती त्याहून जुन्या. 1869 च्या नोव्हेंबरात पॅरिसहून रुआँपर्यंत 123 किलोमीटर सायकली धावल्या आणि जेम्स मूर या इंग्रजाने ते अंतर साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात कापलं. चांगला धावणारा माणूस त्याच्या फार मागे राहिला नसता. पुढे 1892 मध्ये लिएजची, 1896 मध्ये पॅरिस-रूबेची, 1907 मध्ये मिलान-सान रेमोची शर्यत आली.

यांतली मिलानची शर्यत बोरघाटाशी ताडून पाहण्याजोगी आहे. ती मैदानातून निघते, तुर्किनोची खिंड ओलांडते आणि समुद्राला मिळते. मुंबईची समुद्राकडून निघून पठारावर चढते. दुखणं दोघींचं एकच: मोठा चढ मध्ये आणि शेवट दूर. तिथे मोठमोठे जत्थे एकत्रच शेवटाला पोचू लागले, तेव्हा आयोजकांनी 1960 मध्ये पोजिओ नावाची टेकडी मार्गात घातली, तीही शेवटापासून सहा किलोमीटरच्या आत. निसटू पाहणाऱ्याला त्यामुळे संधी मिळाली. पुण्याच्या वेशीवर असा घाट कुठून आणायचा? सह्याद्री जागचा हलत नाही, म्हणून इथल्या शर्यतीने वेगळा उपाय केला. डोंगर सरकवण्याऐवजी डोंगरावरच बक्षीस ठेवलं. हा उपाय जास्त शहाणा वाटतो. दोन वेगळ्या शरीरांची दोन वेगळी कौशल्यं एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर मापली जातात आणि एकाला दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजावं लागत नाही.

सायकलीही बदलल्या. कोकणातल्या गावांनी सायकल ओळखली ती वीसेक किलोची, काळी, उंच दांडीची. अॅटलस, हिरो, रॅले. त्यांवर दूधवाले फिरले, मास्तर शाळेत गेले, आणि ज्या पोरांचे पाय पायडलला पुरत नव्हते ती दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून चालवायला शिकली. अॅटलसने साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी थांबवला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. शर्यतीची सायकल आज सात-आठ किलोची असते. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम 6.8 किलोहून हलकी सायकल चालू देत नाही, म्हणजे आता सायकल फार जड नको ही चिंता संपून फार हलकी नको ही चिंता सुरू झाली आहे. 1992 मध्ये ‘जो जीता वही सिकंदर’ आला आणि गिअरची सायकल म्हणजे काय हे तालुक्याच्या गावांतल्या पोरांनी पडद्यावर पाहिलं. भाड्याच्या दुकानात तासावर मिळणारी सायकल त्यानंतर कित्येकांनी शेवटच्या वळणावर उभ्याने पायडल मारत परत केली असेल.

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली. अंतर 437 किलोमीटर. तिच्यासाठी जिल्ह्यातले रस्ते नव्याने डांबरून काढले गेले. पेण-रोह्याच्या माणसाने ही बातमी कोणत्या नजरेने वाचली असेल? कोकणच्या वाटेवर पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली आणि त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं बारावी होऊन गेली तरी या रस्त्यावरचे खड्डे दर पावसाळ्यात, चाकरमानी गणपतीला निघाले की, हमखास बातमीत असत. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती याच वाटेने बाहेर पडतात. मूर्ती पोचेपर्यंत जीव मुठीत. शर्यतीच्या सायकलचं टायर दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. ते असल्या रस्त्यावर घालणं म्हणजे खेळ नव्हे, धाडस.

तरी नकाशा समोर घेतला की बोट आपोआप फिरतं. पेणहून सकाळी सुटायचं, वडखळ, नागोठणे. तिथे महामार्ग सोडून भिसे खिंडीतून रोह्यात उतरायचं. रोहा हे स्थानक कोकण रेल्वेचा आरंभ. तिचं पहिलं किलोमीटर इथून मोजतात, मग सायकलींनी इथे पाणी घ्यायला हरकत नाही. पुढे कोलाड, उलटी सुकेळी खिंड, वाकण, पालीचा बल्लाळेश्वर, जांभूळपाडा आणि खोपोली. तिथे सगळ्यांची नजर डावीउजवीकडे न जाता वर घाटाकडे जाईल, पण मार्ग पेणकडे वळतो, विनोबांचं गागोदे ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यात परत. एकूण अंतर मुंबई-पुण्याच्या जवळपासच भरतं. खाडीकाठची खारवट सपाटी, भाताची खाचरं, चार नद्या, दोन खिंडी आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीचे ट्रक, सगळं एका वेढ्यात.

अशी शर्यत हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर घ्यावी लागेल. ट्रक सकाळपुरते धाटावला आणि वडखळला थोपवावे लागतील, आणि सुकेळीच्या उताराला पंचांची एक गाडी आधी पाठवावी लागेल. मोठा घाट नसल्यामुळे ती सपाटीवाल्यांचीच शर्यत होणार, पेणच्या हमरस्त्यावर दहा-बाराजण एकाच वेळी घुसणार, आणि निकाल चाकाच्या रुंदीवर लागणार. चढणाऱ्यांसाठी भिसे खिंडीच्या माथ्यावर वेगळं बक्षीस ठेवता येईल. खिंडीच्या मानाने राजा जरा मोठा होतो. सरदार पुरे.