विक्रमाचें मौन

अद्भुत कथांतील नायक फार शंकेखोर झाले आहेत, अशी तक्रार आमच्या मुलुंडच्या एका वाचनप्रेमी स्नेह्यांनीं परवां केली. त्यांचा रोख टोल्कीनच्या फ्रोडोवर होता. इतक्या हालअपेष्टा सोसून ज्वालामुखीच्या कडेवर पोंचलेला हा वीर ऐन वेळीं अंगठी टाकण्याचें नाकारतो! ही खोड पश्चिमेची, असें त्यांचें मत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) वाचणारास तें पटेलही. त्या जातीच्या कादंबऱ्यांत संकट बाहेरून येतें; सज्जनाच्या मनांत तें कधीं उगवत नाहीं.

पण त्याहून तीस वर्षें आधीं, १८३० सालीं, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं 'वेताळपंचविशी' मराठींत आणली, तिचें काय? १९५२ सालीं सुरू झालेल्या मराठी 'चांदोबा'नें तर खांद्यावर प्रेत घेतलेला तो राजा घरोघर नेला. त्याच्या शौर्याचें कौतुक झालें. त्याला पडणारे प्रश्न मात्र कसलेल्या न्यायाधीशासही घाम फोडतील.

त्यांतली एक कथा गेल्या उन्हाळ्यांत आम्ही इमारतींतल्या मुलांस सांगितली. भुकेल्या ब्राह्मणास एका गृहिणीनें अन्न दिलें. तें झाडाखालीं ठेवून तो हातपाय धुवावयास गेला. वर घार बसली होती, तिच्या पंजांत सर्प. त्याचें विष अन्नांत ठिबकलें आणि ब्राह्मण मेला. गृहिणीच्या पतीनें तिलाच घराबाहेर घातलें. दोष कोणाचा? कोणी सर्पाचा म्हणाला, कोणी घारीचा. राजाचें उत्तर निराळें: सर्प परस्वाधीन, घार भुकेली, अन्न देणारी धर्मानें वागलेली; विचार न करतां यांपैकीं एकावर जो ठपका ठेवील, पाप त्याचें. मुलें गप्प झालीं. मग एका मुलीनें विचारलें, "त्या बाईला परत घरांत घेतलें का?" घेतल्याचें सोमदेवाच्या कथेंत नाहीं. ती तीर्थास तप करावयास गेली.

आजच्या नायकांस पुष्कळदां 'हें मला जमेल काय' एवढीच शंका असते. विक्रमास बळाची शंका कधींच नाहीं. दोष कोणाचा हें ठरविण्याचा भार त्याच्यावर आहे. उत्तर ठाऊक असून न बोलावें तर मस्तकाच्या ठिकऱ्या. बोलावें तर प्रेत पुन्हां झाडावर. शेवटचें कोडें बापलेकांचें. बाप मुलीशीं लग्न करतो, मुलगा तिच्या आईशीं. त्यांच्या मुलांचें परस्परांशीं नातें काय? राजाला उत्तर सुचत नाहीं. तो मुकाट्यानें चालत राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो तो या मौनावर.

आमची तक्रार निराळीच आहे. रत्नगर्भ फळें आणून देणाऱ्या ज्या भिक्षूसाठीं राजा हें ओझें वाहतो, त्याला प्रेत कशास हवें, हें राजानें विचारलेलेंच नसतें. भिक्षू आपल्याच प्राणांवर उठला आहे, हें वेताळ सांगतो तेव्हां त्याला कळतें. मग दंडवत कसा घालावा तें दाखव म्हणून तो भिक्षूला वांकावयास लावतो आणि मान उडवितो. तेथें मात्र तो क्षणभरही थबकत नाहीं. आणि दोष कोणाचा, असें विचारणारा वेताळ तर आधींच संतुष्ट झालेला असतो.