काडतुसाच्या मापाचे राजकारण

नागपूर, १९२७. मंचेरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही उघड तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले. १८७८ चा शस्त्र कायदा मोडण्यासाठी तलवार पुरेशी होती. बंदुकीचे तसे नाही; तिला काडतूस लागते, आणि काडतुसाचे माप सरकार ठरवत असे.

पाठ्यपुस्तकांत चरबीच्या काडतुसांना जागा मिळते, या मापांना मात्र नाही. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या एनफिल्ड देण्यात आल्या. नेम आणि पल्ला दोन्ही घटले. पुढे सैन्याचे .३०३ हे माप नागरिकांना वर्ज्य झाले आणि शिकाऱ्यांसाठी .३१५ ची रायफल आली. दोन मापांत फरक इंचाच्या जेमतेम बारा सहस्रांशांचा. पण लष्करी कोठारातून पळवलेले काडतूस तिच्यात चालू नये, यासाठीच तो होता. पोलिसांचे .४१० मस्केट तर ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलीचीच नळी रुंदावून घडवलेले: एका वेळी एकच काडतूस, पल्ला तोकडा. ज्याच्या खांद्यावर बंदूक दिली, त्या शिपायावरही हा अविश्वास!

आवारींना कारावास झाला. तुरुंगात त्यांनी उपोषण आरंभले. .३१५ ची रायफल आजही परवान्यावर मिळते.