कोरडी चटणी

अण्णांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते घरी आल्या आल्या पथ्याचा कागद फ्रीजवर चिकटला. शेंगदाणा तेल बंद, खोबरं बंद, तूप बंद, एकूण तेल निम्मं. आमचं घर सोलापूरचं, म्हणजे पहिल्या ओळीतच स्वयंपाक आटोपला. घाण्यावरून येणारा डबा थांबला, ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेल्या रिफाइंड तेलाच्या पिशव्या सुरू झाल्या. कोलेस्टेरॉल असतं ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत. शेंगदाणा तेलात ते नाव घेण्याजोगं कधीच नव्हतं. पण आईला ती अक्षरं म्हणजे औषधाची चिठ्ठी वाटायची.

अण्णांना भाकरीबरोबर शेंगाचटणी लागे. चटणीत बोटानं आळं करायचं आणि त्यात कच्चं तेल. आता ताटात जवसाची कोरडी चटणी. “चमचाभर तरी घाल गं,” म्हणायचे. आई कागदाकडे बोट दाखवायची. दोन घासांनंतर ते पाणी मागायचे.

आणि त्याच घरात रोज सकाळी चहासोबत खारी! सगळ्यांदेखत. कागदावर तिचं नाव नव्हतं, म्हणून ती पथ्यात बसली. हलकी असते, आजारी माणसाला चालते, असं येणारे-जाणारेही सांगत. ती खारी आमच्या बेकरीत वनस्पती तुपात व्हायची. तेलात हायड्रोजन मिसळून ते तूप घट्ट करतात आणि त्या प्रक्रियेत ट्रान्सफॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, वर चांगलं कमी करतं. खारी खाल्ल्यावर टाळूला चिकटणारा मेणचट थर मला अजून आठवतो. त्याबद्दल अण्णांना कुणी, एकानंही, हटकलं नाही. आपल्याकडे ट्रान्सफॅटवर २ टक्क्यांची मर्यादा २०२२ मध्ये आली. अण्णा तोवर राहिले नाहीत. खारीनंच गेले असं मी म्हणत नाही. पण ज्यात त्यांचा जीव होता ते काढून घेतलं आणि जे काढायला हवं होतं ते बशीत मांडलं, हे मला सहन होत नाही.

डॉक्टरांवर राग आहे, तरी ‘तेल निम्मं’ ही ओळ मला आजही पटते. नेमकी तीच कुणी पाळली नाही. रिफाइंड आहे ना, मग चालतं, म्हणून भजी वाढली. आता माझी भावजय दुप्पट भावानं लाकडी घाण्याचं तेल आणते आणि फोडणीला सढळ हातानं ओतते. मीही तेच तेल आणते, वासासाठी आणि चवीसाठी. पण ग्रॅमला नऊ कॅलरी त्यातही आहेतच, आणि एवढं सांगितलं तरी घरात वाद होतो.