दोन दिवसांची रत्नागिरी

आपल्या मध्यमवर्गीय घरांत विश्रांतीसाठी जेवढी धावपळ होते, तेवढी मुलीच्या लग्नातही होत नसेल. 'जरा दोन दिवस निवांत कुठेतरी जाऊ या' असे घरातले कोणी म्हणाले, की त्या क्षणापासून घरातला निवांतपणा संपतो. यजमान कागद-पेन्सिल घेऊन बसतात, मुले आपापल्या मागण्या पुढे करतात, आणि गृहिणी मनातल्या मनात दशम्यांचे पीठ मोजू लागते. सहलीहून परतल्यावर सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन खुर्चीवर टेकल्यावर ज्यांना खरी विश्रांती मिळते, अशी माणसे माझ्या परिचयात पुष्कळ आहेत.

म्हणून गेल्या पौषात आमच्या घरी रत्नागिरीचा बेत निघाला, तेव्हा मी एक अट घातली. म्हटले, "जायचे तर चारही माणसांना आणि सासूबाईंना, म्हणजे पाचही जणांना विसावा मिळाला पाहिजे. त्या पाचांत मीही आहे." हे जरा चमकले. यांच्या यादीत तोवर सतरा ठिकाणे झाली होती. मी वर्गात निबंध तपासते तशी ती यादी तपासली आणि तांबड्या पेन्सिलीने त्यातली तेरा ठिकाणे खोडली. उरलेल्या चार ठिकाणांवर आम्ही दोन दिवस सुखाने काढले. तो बेत इथे मांडते आहे, तो याचसाठी की दिवाळी झाली की थंडीचे दिवस येतील, आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरी असाच कागद-पेन्सिलीचा खेळ सुरू होईल.

रत्नागिरीच का? मुंबईकराला ती एका रात्रीच्या अंतरावर आहे. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली आणि घाटांतली ती हाडे खिळखिळी करणारी रात्र संपली. शिवाय मराठीच्या अध्यापिकेला एक जास्तीचे आकर्षण आहे. दादरहून मध्यरात्री सुटून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीचे नाव २०१७ पासून 'तुतारी एक्सप्रेस' आहे. केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलेले हे नाव फलाटावरच्या ध्वनिक्षेपकातून ऐकताना मला दरवेळी गंमत वाटते. या गाडीच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना करते. ती रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. तेव्हा शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांत पाहता पाहता संपते, हेही लक्षात असू द्यावे.

मात्र कोणता शनिवार निवडायचा, हा प्रश्न आमच्याकडे रेल्वेने सोडवला नाही, सासूबाईंनी सोडवला. त्यांचे माहेर रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगडचे. बेताच्या चर्चेत त्या गप्पच होत्या. यांनी तारखांचा घोळ सुरू केला, तेव्हा त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणायला सांगितले आणि तिथीवर बोट ठेवून विचारले, "संध्याकाळी पाणी आत हवं की बाहेर?"

आम्ही शहरी माणसे समुद्राला जातो ती सूर्यास्ताची वेळ पाहून. समुद्रकाठची माणसे तिथी पाहतात. सासूबाईंचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी काठाला भिडलेले. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांचे अंतर, म्हणून पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पुरी ओहोटी. हा हिशेब थोडाफार मागेपुढे होतो, पण फसवत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तिचा जोर कमी. "मुलांना वाळू हवी, तुला चालायला हवं. पुनवेचा शनिवार धर," त्या म्हणाल्या, "सूर्य बुडतो तेव्हाच चंद्र वर येतो. दोन्ही बघून होतील." त्यांनी हा हिशेब बोटांवर केला, आणि पदवीधर मुलगा तोंडाकडे पाहत राहिला.

गाडी सकाळी रत्नागिरीत शिरते त्याच्या थोडे आधी करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वांत मोठा. स्टेशन मूळ गावापासून दूर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून गावात यायला रिक्षा मिळतात. आम्ही मोठ्या हॉटेलच्या भानगडीत न पडता एका घरगुती ठिकाणी उतरलो. पुढे अंगण, मागे चार कलमे, आणि त्या कलमांवर पौषातला मोहोर. आंबे खायचे तर एप्रिल-मेशिवाय गत्यंतर नाही, पण मोहोराचा वास घ्यायचा तर थंडीतच जावे. या वासाला बाजारभाव नाही आणि तो पेटीत भरून पाठवता येत नाही, एवढ्यासाठी तरी त्याला मान द्यावा.

माझी पहिली अट जेवणाची होती. दोन दिवस मी चुलीपुढे उभी राहणार नाही आणि डबाही भरणार नाही. कोकणात ही अट सहज पाळता येते. सकाळी घावन आणि नारळाचा रस, दुपारी सासूबाईंना कुळथाची पिठी आणि भात, यांना आणि मुलांना सुरमई, सगळ्यांना सोलकढी. वाढणाऱ्या बाईंनी "ताई, अजून एक घावन घ्या" म्हणून आग्रह केला तेव्हा लक्षात आले, की आयते ताट पुढे येऊन कोणी आग्रह करण्याला आपल्याला किती वर्षे झाली. मात्र त्या बाईही कोणाच्या तरी घरची गृहिणीच. तेव्हा जेवणाची वेळ आधी सांगावी, सांगितलेली वेळ पाळावी, आणि निघताना हिशेबावर घासाघीस करू नये. आपला विसावा दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांवर उभा असतो, त्याची निदान जाणीव असावी.

दुसरी अट उन्हाची. कोकणचे ऊन पौषातसुद्धा अकरानंतर डोक्यावर बसते आणि दमट हवेने माणूस पिळून निघतो. तिथली माणसे त्या वेळी घरात असतात आणि पाहुणे तेवढे टोप्या घालून रस्त्यांवर. आम्ही अकरा ते चार बाहेर पडायचे नाही असे ठरवले होते. जेवण, वामकुक्षी आणि नंतर अंगणात चहा. यांना पहिल्या दिवशी ही वेळ 'वाया' जाते आहे असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना हाका मारून उठवावे लागले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की लांबलचक वाळू आणि काठाने सुरूचे बन. सासूबाईंचा हिशेब बरोबर होता. पाणी दूर गेले होते आणि मुलांना क्रिकेटचे मैदान निघेल एवढी ओली वाळू मोकळी पडली होती. सूर्य बुडाला, आणि पाठीमागे वळून पाहिले तर चंद्र वर आलेला.

रविवारची सकाळ थिबा राजवाड्यासाठी ठेवली होती. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलले, आधी मद्रासला ठेवले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणले. भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावर त्याच्यासाठी वाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडले. त्या वाड्यात तो सहाच वर्षे राहिला; १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षे एका गावात, आणि त्याची कबरही याच गावात. राजवाड्यात आता संग्रहालय आहे. आपण त्याच्या सज्जातून पाहतो ती खाडी, तो समुद्र, ती नारळीची झाडे. 'काय सुंदर देखावा आहे' असे कोणीतरी म्हणतेच. देखावा सुंदर आहेच. पण तो तीस वर्षे पाहणाऱ्या माणसाला तो कसा दिसला असेल, याचा विचार तिथे उभे राहिल्यावर आल्याशिवाय राहत नाही.

इंग्रज सरकारला रत्नागिरीचा हा गुण फार आवडलेला दिसतो. पुढे सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवले होते. त्यांनी मात्र त्या बंधनातच काम शोधले. १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून सर्व जातींना मोकळे असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले, ते त्याच काळातले. गावातून चालत गेले की ते मंदिर लागते. टिळकांचे जन्मघरही याच गावात. १८५६ साली ते इथे जन्मले. आणि काव्य असे, की त्याच टिळकांना सरकारने १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात पाठवले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत! एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर मी वर्गात 'योगायोगाचा अतिरेक' म्हणून त्याचे गुण कापले असते.

वाड्यातून बाहेर पडताना मुलीने विचारले, "आई, राजाच्या मुलींचं काय झालं?" कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशात परतले, पण थोरली राजकन्या पुढे पुन्हा रत्नागिरीत आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठीत बोलली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि अत्यंत गरिबीत मुलाबाळांना वाढवून इथेच गेली. राजाची नात चारचौघींसारखी मराठी बाई झाली. मी हे सांगत होते तेव्हा सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग तिचं माहेर कुठलं म्हणायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यांच्या यादीत रविवारसाठी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि तिथून मालगुंड असे होते. समुद्राला बिलगून जाणारा तो पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता देखणा आहे, आणि मालगुंडला केशवसुतांचे १९९४ साली उभारलेले स्मारक आहे. मराठीच्या अध्यापिकेने ते टाळणे म्हणजे पुजाऱ्याने गाभारा टाळण्यासारखे. तरीही मी यांना म्हटले, "आज मालगुंड नको. आईंना पूर्णगडला नेऊ या. तासाभराचा तर रस्ता." हेही लगेच तयार झाले.

सासूबाई म्हणाल्या, "नको रे. घराला कुलूप आहे. कुलूप बघायला कशाला जायचं? मला आपलं मांडवीला घेऊन चल."

म्हणून रविवारी आम्ही गणपतीपुळ्यालाही गेलो नाही आणि पूर्णगडलाही नाही. मांडवीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, धक्क्याशी जाऊन बसलो. ही वाळू काळी दिसते ती सह्याद्रीच्या खडकांतून झिजून आलेल्या इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे, हे मी मुलांना सांगितले. त्यांनी ते ऐकल्यासारखे केले. मुले शिंपले वेचत होती. पलीकडे रत्नदुर्गाचा डोंगर तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला. मिरकरवाड्याच्या बंदराकडे होड्या परतत होत्या. सासूबाई दक्षिणेकडे तोंड करून बसल्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "पाणी तर एकच ना." आणि पदराने चष्मा पुसला.

मला वाटते, समुद्र सगळ्यांना सारखा विसावा देत नाही. माझ्या पिशवीत संध्याकाळच्या जनशताब्दीचे तिकीट होते, म्हणून मला तो देखावा सुखाचा वाटत होता. थिब्याकडे ते तिकीट नव्हते. सासूबाईंकडे तिकीट होते, पण ज्या गावचे हवे त्या गावाला आता उतरून घेणारे कोणी नव्हते. पोटासाठी कोकण सोडून मुंबईला गेलेल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. आपण तिथे दोन दिवस हवा खायला जातो, तेव्हा कोणाच्या तरी कुलूपबंद अंगणासमोरून जात असतो.

तेव्हा बेत करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. ठिकाणे थोडी ठेवा. तिथी पाहून शनिवार निवडा. दुपार झोपेला द्या. उधाणाच्या पाण्यात आणि अनोळखी किनाऱ्यावर मुलांना पोहायला सोडू नका; किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते, ते पाहून घ्या. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस असेल, तर यादी करण्यापूर्वी एकदा त्याला विचारा, की तुम्हांला कुठे बसायला आवडेल. 'कुठे जायला आवडेल' असे विचारलेत, तर ते 'तुम्ही जाल तिथे' म्हणतील.

मांडवीहून उठताना धाकट्याने विचारले, "आजी, आता काय बघायचं?" सासूबाई वाळू झटकत म्हणाल्या, "काही नाही. आता घरी जाऊन चहा प्यायचा."